डबल काचेची खिडकी तडकली किंवा आत धुकं धरलं, तर घरी कसं बदलायचं: सगळं बैजवार

डबल काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मधे धुकं दिसू लागलं की लोक आधी पुसत बसतात, मग कॉलिन मारतात, मग फॅब्रिकेटरला फोन लावतात आणि तो सांगतो की पूर्ण खिडकीच बदला. तसं काही नसते. नव्वद टक्के वेळा म्हणत नाही, पण बऱ्याच वेळा फ्रेम धडधाकट असते, बेअरिंग चांगले असतात, लॉक चालून राहिलं असते, फक्त मधला काचेचा जोड गेलेला असतो आणि तेवढाच बदलता येतो. आमच्या नागपुरात वर्धा रोड, मनीष नगर, बेसा, सोनेगाव विमानतळाच्या बाजूला आवाजासाठी म्हणून किंवा उन्हासाठी म्हणून खूप फ्लॅट्समधे अशा खिडक्या लागल्यात आणि आता त्यांची कुरकुर सुरू झाली आहे, म्हणून हे सगळं एका जागी नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. ही काच मरते ती पाण्यानं. वरून पडणाऱ्या पावसानं नाही, तर फ्रेमच्या खालच्या खाचेत साचून राहणाऱ्या पाण्यानं. ते पाणी जायची वाट मोकळी न करता नवीन काच बसवली, तर तीही त्याच वाटेनं जाईल, मग ती कितीही महागाची असो.

आत नेमकं काय असते

दोन काचा, त्यांच्या मधे चारही बाजूनं अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी (स्पेसर), त्या पट्टीच्या आत बारीक मणी भरलेले असतात जे ओलावा शोषून घेतात. पट्टी आणि काच यांच्या मधे काळं चिकट ब्युटिल, आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर. घरच्या खिडक्यांत जास्त करून ५-१२-५ किंवा ६-१२-६ येते, म्हणजे ५ मिमी काच, १२ मिमी पोकळी, परत ५ मिमी काच, एकूण जाडी २२. दुसऱ्याची २४. याला बाजारात डीजीयू म्हणतात, दुकानात गेलात की हाच शब्द वापरा.

आता आपल्याकडचं ऊन पाहा. मधली हवा सगळ्या बाजूनं बंद आहे. सकाळी २५ अंशावर असलेली हवा दुपारी पश्चिमेच्या उन्हात ६० पर्यंत तापली तर ती दहा-बारा टक्के फुगायला पाहते, तिला जागा नसते, मग काचा बाहेरच्या बाजूला फुगतात आणि कडेचा सील ताणला जातो. रात्री थंड झाली की परत आत ओढल्या जातात. हे रोज. मार्चपासून नवतप्यापर्यंत (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) रोज, आणि मग लगेच जूनमधे पाऊस सुरू. ताणून ताणून सैल झालेल्या सीलला खालून पाणी लागलं की ओल आत शिरते, मणी ती ओल काही दिवस-महिने शोषत राहतात, आणि मणी भरले की धुकं दिसायला लागते. म्हणजे धुकं दिसलं तेव्हा सील आधीच गेलेला असतो.

आधी ओळखा काय झालंय

पावसाळ्यात एसी चालू ठेवून सकाळी बाहेरच्या अंगाला दव धरलेलं दिसलं तर घाबरू नका, ते काचेच्या बाहेर आहे, बोट फिरवलं की पुसते, खिडकी ठीक आहे. बोट आतूनही फिरवलं, बाहेरूनही फिरवलं आणि तरी धुकं तिथंच, तर सील गेला. सुरुवातीला हे धुकं फक्त सकाळी दिसते आणि दुपारी गायब होते, लोकांना वाटते बरं झालं, पण ते बरं होत नसते. पुढं पुढं पांढरे क्षाराचे डाग पडतात काचेच्या आतल्या अंगाला आणि ते कायमचे.

तडा गेला असेल तर तडा कसा आहे ते नीट पाहा आणि फोटो काढा, कारण त्यावरून कारण कळते. एका बिंदूपासून चांदणीसारखा सगळीकडे पसरलेला असेल तर काहीतरी लागलंय, क्रिकेटचा बॉल, पतंगाच्या सीझनमधे गच्चीवरून आलेला दगड, काहीही. पण तडा काचेच्या कडेपासून अगदी काटकोनात सुरू होऊन मग नागमोडी गेला असेल तर तो उष्णतेचा तडा आहे. काचेचा मधला भाग उन्हात तापला, कड फ्रेमच्या आत थंड राहिली, फरक वाढला आणि कड फाटली. साधी काच साधारण ४० अंशांच्या फरकाला हार मानते, टफन काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली) २०० पर्यंत सहन करते. आता हे नागपुरात का होते सांगतो: लोक डबल काचेच्या आतल्या अंगाला गडद सनफिल्म चिकटवतात. फिल्म ऊन पिऊन तापते, उष्णता दोन काचांच्या मधे अडकते, वरून अर्धा पडदा ओढलेला, एसीचा झोत सरळ काचेवर, मग तडा जाणारच. उष्णतेचा तडा असेल तर नवीन काच टफनच घ्या आणि ती फिल्म परत लावू नका, हात जोडून सांगतो.

टफन काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात, खाली ढीग पडतो किंवा जाळी पडून तशीच उभी राहते. कधी कधी काहीच लागलेलं नसताना फुटते, त्यात काचेच्या आतल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणाचा दोष असू शकतो, कुणाच्या घरी असं झालं तर मुलांना ओरडू नका.

लगेच काय करायचं

तडकलेल्या काचेवर दोन्हीकडून रुंद सेलोटेप आडव्या-उभ्या पट्ट्यांनी लावा, नुसता फुलीचा एक्स पुरत नाही. बाहेरच्या अंगाला हात पोचत नसेल आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर वाकू नका, आतूनच लावा आणि खाली पार्किंगमधे त्या जागेला दोरी किंवा खुर्ची लावून अडवा. पूर्ण पडली असेल तर सनपॅक शीट (होर्डिंगवाल्यांकडे मिळते ती नळीदार प्लास्टिकची) मापानं कापून आतून टेपनं लावा, उन्हाळा असेल तर तिच्यामागे थर्माकोल. आठ-दहा दिवस सहज निघतात, आणि नवीन काच बनून यायला वेळ लागतोच.

एकच काच बदलून देतो म्हणणारे

हे कारागीर भेटतील. फुटलेली काच काढून तेवढी एक नवीन लावतात आणि चारही बाजूनं सिलिकॉन फिरवतात, स्वस्तात. मी याच्या पूर्ण विरोधात आहे आणि कारण सरळ आहे: स्पेसरमधले मणी उघड्या हवेत राहिले की ओल पिऊन टाकतात, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे तर बघायलाच नको, आणि नुसतं सिलिकॉन वाफ अडवत नाही, वाफ अडवते ते ब्युटिल, जे कारखान्यात मशीननं गरम करून लावतात. पहिल्या पावसाळ्यात धुकं परत. तसंच काचेला बारीक भोक पाडून आतली ओल काढून देतो म्हणणारेही असतात, त्यानं दिसायला साफ होते पण मधली बंद हवा आता बंद राहिली नाही, आणि टफन काचेला भोक पाडायला गेलं तर ती तिथंच दाणे होऊन खाली. काच एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून पूर्ण डीजीयू नवीन बनवून घ्यायचा आणि तो बसवायचा घरी, हा खरा मार्ग.

तुमची खिडकी घरी करण्यासारखी आहे का

तीन प्रकार सांगतो. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) खिडकी, जिला आतल्या बाजूनं काचेच्या कडेला खटकन बसणारी पट्टी (बिडिंग) असते, ती घरी करायला सगळ्यात सोपी. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, तिच्यात बहुतेक वेळा बिडिंग नसतेच, काचेला यू आकाराचं रबर गुंडाळून पल्ला त्याच्याभोवती स्क्रूनं जुळवलेला असतो, मग पूर्ण पल्ला उतरवून चारही सेक्शन (कडेच्या पट्ट्या) खोलावे लागतात, होते पण दोघं पाहिजेत आणि टेबल पाहिजे. तिसरी म्हणजे बाहेरून चिकटवलेली मोठी फिक्स काच किंवा बाहेरून बिडिंग असलेली खिडकी वरच्या मजल्यावर, तिला हात लावू नका, झुला आणि पट्टे असलेल्या माणसांचं काम आहे ते.

वजनाचा अंदाज आधी काढा. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरला अडीच किलो. ५-१२-५ मधे काच एकूण १० मिमी, म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. ४ फूट बाय ४ फूटचा डीजीयू जवळपास ३७ किलो भरतो. ही एकट्यानं उचलायची गोष्ट नाही, पाठ आणि काच दोन्ही जाईल.

माप: इथं घाई नको

टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून मापात चूक म्हणजे पूर्ण पैसे पाण्यात. दुकानदार इंच आणि सुतात बोलेल (८ सूत म्हणजे १ इंच, एक सूत साधारण ३ मिमी), तुम्ही मात्र मिलिमीटरमधे मोजा, मिलिमीटरमधेच लिहून द्या, आणि कागदावर रुंदी कोणती, उंची कोणती ते शब्दात लिहा.

जुना डीजीयू अख्खा असेल, फक्त धुकं धरलेला, तर उत्तम. एक बिडिंग काढून त्याचंच माप घ्या. फुटलेला असेल तर बिडिंग काढून खाचेपासून खाचेपर्यंत मोजा, रुंदी वर-मधे-खाली तीन ठिकाणी, उंची डावीकडे-मधे-उजवीकडे तीन ठिकाणी, आणि सगळ्यात कमी आकडा धरून त्यातून १० वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमीची मोकळीक. समजा कमीत कमी रुंदी १२१० आणि उंची ११९० आली, तर ऑर्डर १२०० बाय ११८०. ही मोकळीक सोडायचीच, उन्हात यूपीव्हीसी आणि काच वेगवेगळ्या पटीनं वाढतात, दाटून बसवली तर कडेला दाब येतो. दोन्ही कर्णही मोजा, त्यांच्यात फार फरक आला तर फ्रेम तिरपी झालीय, मग आधी ती पाहायला लागेल.

जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर असेल तर बरं, नाही तर बिडिंग काढून कडेवर स्टीलची पट्टी लावा. २२ च्या जागी २४ आली तर बिडिंग बसणारच नाही, आणि २० आली तर काच खडखडेल. स्पेसरवर आतल्या बाजूला कधी कधी बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली असते, त्याचा फोटो काढून ठेवा.

कोणती काच मागायची

आधी जुनीत कोटिंग होतं का ते पाहा. रात्री लाइट बंद करून काचेजवळ लायटर किंवा मेणबत्ती धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, दोन काचांचे चार पृष्ठभाग म्हणून. त्यातलं एखादं लालसर, गुलाबी किंवा वेगळ्या रंगाचं दिसलं तर तिथं लो-ई कोटिंग आहे, म्हणजे उष्णता परत फेकणारा अगदी पातळ थर. बाहेरून मोजत १, २, ३, ४ असे नंबर धरतात, आणि आपल्यासारख्या गरम हवेत कोटिंग २ नंबरवर पाहिजे, म्हणजे बाहेरच्या काचेचा आतला अंग. ऑर्डर देताना हे सांगा आणि बनून आल्यावर कोणती बाजू बाहेर ते स्टिकरवर लिहून मागा, उलटी बसली तर अर्धा फायदा गेला.

हेही खरं सांगायला पाहिजे की साधी पारदर्शक डबल काच ऊन फारसं अडवत नाही. एकेरी काचेपेक्षा हवेची उष्णता ती जवळपास निम्म्यावर आणते, पण सरळ पडणाऱ्या उन्हातली साधारण ७० टक्के उष्णता तरीही आत येते. पश्चिमेच्या खिडकीला लो-ई किंवा सोलर कंट्रोल काच घ्या, किंवा बजेट नसेल तर साधी घेऊन बाहेरून ग्रीन नेट, बांबूची चिक, खसचा पडदा लावा. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर जो फरक पडतो तो आतल्या जाड पडद्यानं पडत नाही.

आवाजासाठी खिडकी असेल, म्हणजे मेन रोड, विमानतळ, रेल्वे लाइन, तर दोन्ही काचा सारख्या जाडीच्या न घेता एक ६ ची एक ५ ची घ्या, खाचेत १ मिमी जास्त मावत असेल तर. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरावर थरथरतात आणि तो आवाज आत येतो. लॅमिनेटेड (दोन काचा मधे प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेली) घेतली तर अजून चांगलं, पण महाग आणि जाड.

दुकानात जाताना लक्षात ठेवा, साधा काचवाला डीजीयू स्वतः बनवत नाही, प्रोसेसिंग युनिटमधून बनवून आणतो. त्याला विचारा: टफन आहे का आणि आयएसआय मार्क येईल का (टफन काचेसाठी आयएस २५५३ आहे), बाहेरचा सील पॉलिसल्फाइड की सिलिकॉन, सीलची वॉरंटी किती आणि ती बिलावर लिहून देणार का, रेट चौरस फुटावर आहे तर माप वरच्या टप्प्याला ओढून बिल होणार का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, लहान खिडकीत त्याचा फरक चांगलाच पडतो. काच टफन होऊन मग जोडली जाते, त्यामुळे ‘आज द्या उद्या न्या’ होत नाही.

बाकीचं सामान इतवारीत, लोहाओळीकडे एका फेरीत होऊन जाते: पुट्टीची पातळ पण कडक पट्टी, रबरी हातोडा, दोन सक्शन लिफ्टर (काच उचलायचे, टाइल्सवाल्यांकडेही मिळतात), कापापासून वाचवणारे हातमोजे, गॉगल, वेगवेगळ्या जाडीचे प्लास्टिक पॅकर (काचेखाली ठेवायचे तुकडे), आणि सिलिकॉन. सिलिकॉन घेताना न्यूट्रल म्हणून विचारून घ्या, वेदर सिलिकॉन म्हणूनही मिळते. व्हिनेगरचा आंबट वास मारणारं स्वस्त सिलिकॉन डीजीयूच्या सीलला आणि अॅल्युमिनियमला खराब करते, ते बाथरूमला ठीक, इथं नको.

काढणे

वेळ निवडा सकाळची. उन्हाळ्यात सहा ते नऊ, फ्रेम गरम असली की सगळं फुगलेलं असते, बिडिंग दाटते आणि सिलिकॉन वरून लवकर सुकून आतून कच्चं राहते. करता येत असेल तर दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत हे काम काढा. भर पावसाळ्यात तर नकोच, ओल्या खाचेत काच बसवणं म्हणजे रोग घेऊन बसवणं.

यूपीव्हीसीत सगळ्यात लांब बिडिंगच्या मधोमध, बिडिंग आणि फ्रेमच्या जोडात पट्टी घालायची, रबरी हातोड्यानं हलकं मारायचं आणि पट्टी वळवायची, मधे उचलली की कोपऱ्यातून आपोआप सुटते. चारही बिडिंगच्या मागे मार्करनं वर, खाली, डावी, उजवी लिहा, त्यांचे कोपरे त्या-त्या जागेसाठी कापलेले असतात. थंडीत जुनी यूपीव्हीसी कडक होते, आधी हेअर ड्रायरनं थोडी गरम करा नाही तर तुटते. शेवटची बिडिंग काढताना दुसऱ्या माणसाचा हात काचेवर पाहिजेच, काच आत पडू शकते.

फुटलेल्या काचेचे तुकडे वरून खाली काढत या, खालून सुरू केलं तर वरचा तुकडा हातावर येतो. खाली जुनी चादर, पायात बूट, चप्पल नाही.

सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत आधी वरच्या ट्रॅकमधला पल्ला उचलू न देणारा छोटा ब्लॉक काढा, मग दोघांनी पल्ला वर उचलून वरच्या ट्रॅकमधे घुसवायचा आणि खालचा भाग आपल्याकडे ओढायचा. टेबलावर गादी अंथरून आडवा ठेवा, कोपऱ्यांचे स्क्रू काढा, आधी हँडलचा सेक्शन, मग खालचा बेअरिंगचा. रबरी हातोड्यानं लाकडी ठोकळा मधे ठेवून ठोका. खालच्या बेअरिंगकडे लक्ष द्या, डबल काचेचं वजन जास्त असते आणि साधे बेअरिंग लवकर चपटे होतात, खोललंच आहे तर बदलून टाका.

पाण्याची वाट

हे काम सगळ्यात कमी लोक करतात म्हणून यावर जास्त लिहितो.

फ्रेमच्या खालच्या खाचेत लांबट भोकं असतात आणि बाहेरच्या अंगाला, थोडी सरकून, अजून भोकं असतात. पाणी आतल्या भोकातून खाली उतरते, आडवं जाते आणि बाहेरच्या भोकातून निघते. ही दोन्ही समोरासमोर नसतात, मुद्दाम, वाऱ्यानं पाणी उलट आत येऊ नये म्हणून. त्यामुळे तार सरळ घालून आरपार निघत नाही, दोन्हीकडून वेगवेगळी साफ करायला लागते. आमच्या इकडे ही भोकं बुजतात कशानं: उन्हाळ्यातल्या धुळीच्या वावटळीनं, मुंग्यांच्या मातीनं, बिल्डरच्या सिमेंटनं, आणि दिवाळीच्या रंगकामात पेंटरनं प्रेमानं भरलेल्या पुट्टीनं. बाहेरून दिसायला छान, आतून खाच म्हणजे टाकी.

व्हॅक्युम क्लीनरनं किंवा ब्रशनं खाच कोरडी साफ करा, तार किंवा ४-५ मिमीचं ड्रिल बिट हातानं फिरवून भोकं मोकळी करा. ड्रिल मशीन लावू नका, यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पाइप असतो, त्या कप्प्याला चुकून भोक पडलं तर पाणी त्यात जाऊन गंजते. मग मगभर पाणी खाचेत ओता. बाहेर धार आली पाहिजे, थेंब थेंब नाही, धार. येत नसेल तर परत साफ करा, आणि जोपर्यंत धार येत नाही तोपर्यंत नवीन काच भिंतीलाच टेकवून ठेवा, उभी, खाली लाकडी पट्ट्यांवर, उन्हात नाही.

खाच पूर्ण कोरडी झाली की पुढं.

पॅकर आणि काच बसवणे

काच कधीही सरळ फ्रेमवर ठेवायची नाही, प्लास्टिकच्या पॅकरवर ठेवायची, म्हणजे तिची कड पाण्याच्या वर राहते. पॅकरची रुंदी डीजीयूच्या पूर्ण जाडीइतकी पाहिजे. अरुंद पॅकर ठेवला तर एकाच काचेला आधार मिळतो, दुसरी काच फक्त सीलवर लटकते आणि महिन्या-महिन्यानं मिलिमीटरच्या हिशेबात खाली घसरत सील फाडते. धुकं धरलेल्या खिडक्या खोलल्या की बऱ्याचदा पॅकर नसतोच किंवा लाकडाचा तुकडा कुजून पडलेला असतो.

जागा: फिक्स खिडकीत खाली दोन पॅकर, दोन्हीकडून साधारण पाव रुंदीवर. दारासारख्या उघडणाऱ्या पल्ल्यात बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याला एक आणि त्याच्या कर्णात समोरच्या वरच्या कोपऱ्याला एक, म्हणजे काचेचं वजन बिजागरीवर जाते आणि पल्ला झुकत नाही. सरकत्या पल्ल्यात बेअरिंगच्या बरोबर वर. आणि पॅकर कुठंही ठेवा, पाण्याच्या भोकावर ठेवू नका.

मग सक्शन लिफ्टर काचेच्या कोरड्या, पुसलेल्या अंगाला लावून दोघांनी उचलायची, खालची कड आधी पॅकरवर टेकवायची, मग वरची आत ढकलायची. कोपऱ्यावर कधी टेकवू नका, टफन काच मधे दणकट आणि कोपऱ्यात नाजूक, फरशीवर कोपरा आपटला की गेली. बाहेरची बाजू बाहेर आहे ना, स्टिकर परत एकदा पाहा. चारही बाजूंची मोकळीक सारखी दिसली पाहिजे, स्पेसरची चंदेरी पट्टी सगळीकडे बिडिंगच्या आड जाईल अशी.

बिडिंग लावताना आधी आखूड दोन, मग लांब दोन, लांबवाल्या धनुष्यासारख्या थोड्या वाकवून दोन्ही कोपरे आधी अडकवायचे मग मधे ठोकायचं. रबर नवीन लावत असाल तर ते ताणून बसवू नका, उलट मापापेक्षा बोटभर जास्त कापून मधे मधे दाबत बसवा, ताणलेलं रबर काही महिन्यांत आकसते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते, तिथूनच पाणी जाते. घसरायला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगते.

रबर नीट असेल तर सिलिकॉनची गरज फक्त बाहेरच्या कोपऱ्यांना. रबर नसलेल्या खिडकीत दोन्हीकडे मास्किंग टेप लावून बाहेरून बारीक एकसारखी धार मारा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं एकदाच फिरवा, टेप लगेच ओढा. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिमी आत सुकते, म्हणून एक-दोन दिवस पल्ला आपटू नका आणि धुऊ नका. खालची पाण्याची भोकं सिलिकॉननं बंद करायची इच्छा होईल, कारण तिथून धूळ येते. करू नका.

तपासणी, आणि कूलर

दोन दिवसांनी पाइपनं पाणी मारून पाहा, खालून सुरू करून हळूहळू वर जायचं, प्रत्येक जागी थोडा वेळ थांबून. वरूनच मारलं तर पाणी कुठून आत गेलं ते कळत नाही. खालच्या भोकातून बाहेर पाणी येऊन राहिलं म्हणजे ते गळणं नाही, ते बरोबर काम आहे. आतल्या भिंतीला ओल आली आणि काच कोरडी असेल तर गळती फ्रेम आणि भिंतीच्या मधल्या सांध्यात आहे, काचेचा दोष नाही, तिथं जुनं सिलिकॉन खरवडून नवीन भरायला लागेल.

फुटलेली काच कचरागाडीत तशीच टाकू नका. पुठ्ठ्यात गुंडाळा, टेप मारा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि गाडीवाल्या भाऊच्या हातात देताना तोंडानंही सांगा, ते लोक हातानं कचरा वेगळा करतात.

आणि कूलर. नागपुरात खिडकी आणि कूलर यांचं लग्न लागलेलंच आहे, पण डबल काचेच्या खिडकीला लागून ठेवलेला कूलर ती खिडकी चार महिने ओली ठेवतो. पॅडमधून उडालेलं पाणी खालच्या खाचेत जाते, बोअरच्या पाण्याचा क्षार भोकांत साचून दगड होतो आणि काचेवर पांढरे डाग पडतात ते वेगळेच. जमत असेल तर कूलरसाठी साध्या काचेची किंवा जाळीची वेगळी खिडकी ठेवा. नाहीच जमलं तर स्टँड खिडकीपासून वीतभर दूर घ्या, मधे रेक्झिनची झालर लावा, पंप सुरू असताना पॅडचं पाणी बाहेर उडते का ते पाहून नळीचा दाब कमी करा, आणि दर महिन्याला एकदा मगभर पाणी खाचेत ओतून धार बाहेर येते का पाहा. धार बारीक झाली की क्षार जमलाय, लिंबाचं किंवा व्हिनेगरचं पातळ पाणी ब्रशनं भोकात फिरवा, सीलला न लावता, आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा.